शारजाच्या ट्रॅफिकमधला हर्क्युलिस

मी माझ्या मुलीला भीमाच्या गोष्टी हर्क्युलिसच्या नावावर खपवल्या. एकदोनदा नव्हे, ती पहिलीत होती तेव्हापासून चौथीत जाईपर्यंत, शाळा असेल त्या जवळजवळ प्रत्येक सकाळी.

यात माझा दोष किती आणि ट्रॅफिकचा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही तेव्हा शारजात, अल नहदाला राहायचो. बाल्कनीतून दुबई दिसायची. हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. पण हात पोचला तरी गाडी पोचायची नाही. बायकोचं ऑफिस दुबईत, करामा भागात, मुलीची शाळा तिथून जवळच, आणि मी एका काँट्रॅक्टिंग कंपनीत एसीच्या डक्टिंगचा इंजिनियर, त्यामुळे तिघं एकाच गाडीतून निघायचो. पुढच्या सीटवर बायको डोळे मिटून. मागच्या सीटवर मुलगी, डोळे टक्क उघडे. आणि समोर लाल दिव्यांची रांग, थेट क्षितिजापर्यंत.

एकदा करामातल्या एका दुकानातून मी तिला एक प्लास्टिकचा बाहुला घेऊन दिला. पाच दिरहॅम. ‘म्हणजे साठ रुपये,’ बायको डोळे न उघडता म्हणाली. बाहुल्याच्या अंगावर सिंहाचं कातडं, हातात गदेसारखं काहीतरी. खोक्यावर मागे दोन ओळी होत्या : हा हर्क्युलिस. आकाशाचा राजा झ्यूस, त्याचा मुलगा. अर्धा देव.

“बाबा, हाफ गॉड म्हणजे?” मुलीने विचारलं. “विच हाफ? वरचा की खालचा?”

“तसं नाही गं. बाप देव आणि आई माणूस.”

“आपल्या घरात उलट आहे,” बायको म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच.

“मग त्याची स्टोरी सांग ना.”

इथे मी सरळ म्हणायला हवं होतं, की बाळा, मला माहीत नाही. पण मुलगी सहा वर्षांची असताना बापाला सगळं माहीत असतं, ही त्याची आयुष्यातली एकमेव सीनियॉरिटी असते. ती अशी फुकट घालवायची? मी म्हटलं, “त्यापेक्षा तुला भीमाची सांगतो.”

“नॉट अगेन, बाबा. भीम रोज कार्टूनमध्ये असतो. आय वाँट हर्क्युलिस.”

मी बाहुल्याकडे आरशातून पाहिलं. दणकट देह, हातात गदा, बाप स्वर्गातला, आई पृथ्वीवरची राणी. मनात म्हटलं, अरे, हा तर आपल्याच गल्लीतला दिसतोय. आणि सुरू केलं : “हर्क्युलिस लहान असताना फार खायचा...”

त्या दिवसापासून मी सुटलो ते सुटलोच. ग्रीक नावं करायची एक सोपी युक्ती मला सापडली होती. शेवटी ‘ओस’ लावायचं. बकासुराचा बकासुरोस झाला, जरासंधाचा जरासंधोस. एकचक्रा नगरीचं एकचक्रापोलिस झालं. कुंतीची कुंतिया करताना मात्र बायकोने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. तो डोळा मला अजून आठवतो.

झ्यूसबद्दल मला एवढंच कळलं होतं, की तो आकाशाचा राजा आहे आणि विजा फेकतो. म्हणजे इंद्र. दुसरं कोण? मग माझा झ्यूस इंद्रासारखाच वागू लागला. खाली पृथ्वीवर कोणी जरा मन लावून प्रार्थना करायला बसलं, की वर त्याचं सिंहासन डुगडुगायचं. “आता हा माझी खुर्ची घेणार!” असं म्हणून तो घाबरायचा. खरं सांगायचं तर त्यात थोडे आमच्या कंपनीचे जनरल मॅनेजरही मिसळले होते. शिवाय झ्यूसला मी एक पांढरा हत्ती दिला. ग्रीसमध्ये हत्ती कुठून आला, असं मुलीने विचारलं तेव्हा “आपल्याकडूनच गेला, एक्स्पोर्ट,” असं सांगून मोकळा झालो.

“अहो, एक दिवस तोंडावर पडाल,” बायको म्हणायची. “पोरगी शाळेत जाऊन बोलली तर?”

“ती कुठे बोलतेय!” मी म्हणायचो.

हे मी हसत म्हणायचो, पण ते खरं होतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आमची मुलगी गाडीत पोपट आणि शाळेत पुतळा. तिसरीत असताना तिला स्टेजवर चार ओळी म्हणायला उभं केलं होतं. ती माइकसमोर उभी राहिली, समोर पाहत राहिली, आणि एक अक्षरही न बोलता खाली उतरली. वर्गातल्या मुलांनी तिचं नाव ‘पॉज बटण’ ठेवलं. घरी येऊन ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “बाबा, मी नेक्स्ट टाइम आजारी पडू शकते का?”

त्यानंतर वर्षभर तिने वर्गात हात वर केला नाही.

म्हणून चौथीत एका सकाळी ती मागच्या सीटवरून म्हणाली, “आज माझी स्टोरीटेलिंग काँपिटिशन आहे. आय रेझ्ड माय हँड. कोणी सांगितलं नव्हतं,” तेव्हा माझा पाय ब्रेकवर होता म्हणून बरं. बायकोचे दोन्ही डोळे उघडले.

“आणि आम्हाला सांगितलं नाहीस?”

“सरप्राइज होतं. यू बोथ हॅव टु कम. रिसेसनंतर आहे.”

बायकोने तिथल्या तिथे ऑफिसला फोन लावून रजा टाकली. मीही माझ्या साहेबांना फोन करून मुसफ्फाच्या वर्कशॉपला डक्ट बघायला निघालोय असं सांगितलं. मुसफ्फा अबुधाबीत, म्हणजे संध्याकाळपर्यंत कोणी शोधणार नाही. मला इतका आनंद झाला होता, की मी रेडिओ बंद केला आणि म्हटलं, “विषय काय आहे गं?”

“हीरोज हू आर हाफ गॉड्स,” ती म्हणाली. “मी हर्क्युलिस घेतला. तुझावाला. कार्टफुल ऑफ राइसवाली स्टोरी. आणि गेस व्हॉट, बाबा! जज म्हणून एक रियल ग्रीक अंकल येणारेत!”

गाडीत एसी होता, आणि तो चांगला होता. ते माझंच क्षेत्र. तरी माझ्या कानामागून घामाची धार लागली.

“खरा ग्रीक?” मी विचारलं.

“फ्रॉम ग्रीस. जहाजं चेक करतात. मॅमचे नेबर आहेत.” आणि ती उठून दोन सीटांच्या मधे आली, घसा खाकरला, आणि सुरू झाली : “वन्स इन द सिटी ऑफ एकचक्रापोलिस, देअर लिव्ह्ड अ डीमन कॉल्ड बकासुरोस...”

काय सांगत होती! हात काय, डोळे काय! बकासुरोस पाठीत धपाधप मारतोय आणि हर्क्युलिस मागे वळूनही न बघता भात खातोय. गाडीला जुंपलेले दोन बैल ‘भातानंतर आपला नंबर’ म्हणून थरथरतायत. हे बैलांचं तर मी सांगितलंही नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. आणि मी स्टिअरिंगला धरून बसलो होतो आणि डोळ्यांसमोर दिसत होता तो एक धिप्पाड ग्रीक. तो भर सभेत विचारतोय, बाळ, हा बकासुरोस कोण? आणि सगळा हॉल हसतोय. आणि पोरगी पुन्हा तशीच, माइकसमोर, समोर पाहत.

बायको माझ्याकडे पाहत होती. “सांगा तिला,” ती हळू आवाजात म्हणाली.

“आत्ता सांगितलं तर बोलायचीच नाही ती.”

“आणि नाही सांगितलं तर पुन्हा कधीच बोलणार नाही.”

समोरची गाडी हलली, थांबली. मी गाडी हलवली, थांबवली. आणि सांगितलं. भीम, बकासुर, ‘ओस’, सगळं. हत्तीसकट.

आरशात पाहिलं तर ती बाहुल्यासारखी ताठ बसली होती.

“सगळं खोटं?”

“खोटं नाही गं, म्हणजे... दुसऱ्याचं.”

“देन व्हॉट डिड द रियल हर्क्युलिस डू?”

“सिंह मारला,” मी म्हटलं. “बहुतेक.”

“बहुतेक?”

या एका शब्दात तिने मला जे काही ऐकवलं, ते आईबापांनी, मास्तरांनी आणि साहेबांनी मिळून आयुष्यभरात ऐकवलं नव्हतं. शाळेच्या गेटपाशी ती उतरली, दप्तर पाठीवर टाकलं, आणि मागे न बघता आत गेली.

“रिसेसला अजून वेळ आहे,” बायको म्हणाली. “पुस्तक मिळेल का कुठे? यल्ला, चला.”

करामातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात, वह्या आणि अगरबत्तीच्या मधे, ग्रीक पुराणकथांचं एक बारकं पुस्तक मिळालं. ते घेऊन समोरच्या उडुपी हॉटेलात बसलो. इडली मागवली. माझ्या मते प्रश्न सुटला होता. खऱ्या हर्क्युलिसची एखादी गोष्ट वाचायची, रिसेसमध्ये मुलीला सांगायची, खलास.

मी पहिलं प्रकरण उघडलं. झ्यूस. दोन पानं वाचली आणि पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“हे पोरीला सांगता येणार नाही.”

तिने पुस्तक ओढून घेतलं. वाचता वाचता तिची इडली सांबारात विरघळून गेली. “अगं बाई! एकीसाठी हा बैल झालाय.”

“पुढे वाच.”

“दुसरीसाठी हंस. आणि हे काय, सोन्याचा पाऊस? पाऊस होऊन कोणी...” तिने शेजारच्या टेबलाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “अहो, हा देव आहे की कोण? आपला इंद्र परवडला की! तो निदान गौतमाचं रूप घेऊन तरी आला होता, माणसासारखा.”

“म्हणूनच सगळीकडे अर्धे देव,” मी म्हटलं. “बापाने काम वाढवून ठेवलंय.”

“आणि घरातली बायको?”

“ती चिडते. चिडून हर्क्युलिसला वेड लावते. वेडाच्या भरात तो स्वतःच्या मुलांना...” मी थांबलो. बायको थांबली. वेटर बिल घेऊन आला होता, तोही थांबला.

मला त्या क्षणी एक विलक्षण गोष्ट जाणवली. इतकी वर्षं मी खोटं सांगत होतो ते बरंच होतं. खरं सांगितलं असतं तर पोरगी गाडीतून उडी मारून पळाली असती.

“शोधा, शोधा,” बायको म्हणाली, “काहीतरी असेल ना सोज्वळ.”

आणि सापडलं. एका राजाचा गोठा. हजारो गुरं, आणि कित्येक वर्षांत शेण काढलेलं नाही. हर्क्युलिसला हुकूम, हा गोठा एका दिवसात साफ कर. तर हा पठ्ठ्या हातात फावडं घेत नाही. दोन नद्यांचं पाणी वळवतो, गोठ्याच्या एका भिंतीतून आत घेतो, दुसरीतून बाहेर काढतो. संध्याकाळपर्यंत गोठा लख्ख!

“अरे!” मी इतक्या मोठ्याने ओरडलो की वेटर परत आला. “हे तर आमचंच काम! इनलेट, आउटलेट! हा अर्धा देव नाही गं, हा साइट इंजिनियर आहे!”

रिसेसला आम्ही गेटवर. मुलगी आली, पण माझ्याकडे न बघता आईच्या पदराला टेकली. मी गुडघ्यावर बसून, बोटाने वाळूत गोठा काढला, नद्या काढल्या, बाण दाखवले. पहिल्या नदीला तिने भुवई वर केली. दुसऱ्या नदीला ती खाली बसली. पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा तिला हसू आलं.

“सगळं पू, आय मीन शेण, वाहून गेलं?”

“सगळं.”

“धिस इज रियल? प्रॉमिस?”

मी पुस्तक दाखवलं. माझ्या शब्दाची किंमत तोपर्यंत तेवढीच उरली होती.

तिने पान पाहिलं, मान हलवली. मग म्हणाली, “कॅन आय कीप द फूड?”

“नाही! भात नाही, बैल नाही, हत्ती नाही. फक्त गोठा.”

“बट फूड इज द बेस्ट पार्ट.”

बेल झाली. ती पळाली. “फक्त गोठा!” मी ओरडलो. वॉचमनने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

हॉलमध्ये आम्ही मागच्या रांगेत बसलो. पुढे टेबलापाशी तो ग्रीक. मी कल्पना केली होती त्यापेक्षाही आडवा, पांढऱ्या मिशांचा, ढेरीवर हात ठेवून बसलेला. एका मुलाने केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसिणीचं डोकं कापण्याची गोष्ट सांगितली, फार सफाईने. मग आमच्या मुलीचं नाव पुकारलं.

ती माइकसमोर उभी राहिली. समोर पाहिलं. आणि थांबली.

मागच्या कोपऱ्यातून कोणीतरी पुटपुटलं, “पॉज बटण.” बायकोने माझं मनगट धरलं. मला वाटलं, हे मी केलं. पोरगी स्वतःहून हात वर करून इथवर आली होती, आणि मी सकाळी तिच्या पायाखालची जमीन काढून घेतली. देवा, झ्यूसा, इंद्रा, ज्याची कोणाची ड्यूटी असेल त्याने बघा रे, असं मी मनात म्हणत होतो. वर कोणाची तरी खुर्ची नक्कीच हलली असणार.

“देअर वॉज,” ती म्हणाली, “अ लॉट ऑफ पू.”

हॉलमध्ये हशा फुटला. पोरं खिदळली, टीचर खिदळल्या, ग्रीक पुढे सरकून बसला. आणि मग ती थांबलीच नाही. गोठा, गुरं, वास, नाकाला रुमाल लावलेला राजा. हाताने नद्या वळवल्या तिने. इनलेट, आउटलेट, सगळं जिथल्या तिथे. पाणी बाहेर पडलं, गोठा लख्ख झाला. मी श्वास सोडला. संपलं. सुटलो.

“बट आफ्टर सो मच वर्क,” ती म्हणाली, “हर्क्युलिस वॉज व्हेरी, व्हेरी हंग्री.”

“गेलो,” मी म्हटलं.

आली गाडी. भरगच्च. आले दोन बैल थरथरत. नाव तेवढं तिने गाळलं. बकासुरोस नुसता ‘अ व्हेरी अँग्री मॅन’ झाला होता, पण पाठीत धपाटे तेच, आणि हर्क्युलिस वळूनही न बघता खात होता तोही तोच. पोरं टाळ्या पिटत होती. मी खुर्चीत इतका खाली घसरलो होतो, की बायकोशेजारी माझं फक्त केसांचं टोक उरलं असावं.

ग्रीक उभा राहिला.

“हे जेवणाचं तू कुठे ऐकलंस?” त्याने इंग्रजीत विचारलं.

मुलीने हॉलमध्ये माझं केसांचं टोक शोधून काढलं आणि बोट दाखवलं. “माय फादर.”

“ब्राव्हो!” तो गरजला. मग सगळ्यांकडे वळून सांगू लागला : तुम्हा लोकांना वाटतं हर्क्युलिस म्हणजे नुसता सिंह मारणारा. पण आमच्या जुन्या नाटकांत तो कायम भुकेला असतो! एकदा त्याने एका शेतकऱ्याचा अख्खा बैल एकट्याने खाल्ला. शेतकरी बिचारा बाजूला उभा राहून शिव्या घालतोय, आणि हा ढिम्म, खातोय. हुबेहूब या मुलीने सांगितलं तसं! फक्त हिने बैलांना जिवंत सोडलं, हिचं मन मोठं आहे.

बायकोच्या हातातलं माझं मनगट सैल झालं. मी थोडा वर आलो.

“आणि त्याचा बाप?” ग्रीकने मुलीला विचारलं. “झ्यूस एवढा आकाशाचा राजा, त्याने मुलाला मदत नाही केली?”

मी पुन्हा खाली.

“ही वॉज बिझी,” ती म्हणाली. “ही इज ऑलवेज स्केअर्ड समवन विल टेक हिज चेअर.”

ग्रीक हसला तो असा हसला, की मिशा पुसायला त्याला रुमाल काढावा लागला. खरंय, म्हणाला, शंभर टक्के खरंय. बापाला खाली खेचूनच झ्यूस त्या खुर्चीवर बसला होता. आपला मुलगा आपल्याला असंच खेचेल, ही धास्ती त्याला असणारच! हे तर आमच्याकडेही पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

पहिलं बक्षीस डोकं कापणाऱ्या मुलाला मिळालं. आमच्या मुलीला काहीच मिळालं नाही, आणि आम्हा तिघांनाही ते घरी पोचेपर्यंत लक्षात आलं नाही. स्टेजवरून ती उतरली तेव्हा वर्गातल्या पोरी तिला घेरून ‘बैल कसे थरथरतात ते परत कर’ म्हणत होत्या, आणि ती करत होती.

नंतर समोसे आणि ज्यूस होता. ग्रीक थेट माझ्याकडे आला. माझा हात हातात घेऊन दाबला. आजकालचे आईबाप मुलांना हे सगळं सांगत नाहीत म्हणाला. तुम्ही कुठलं पुस्तक वाचता?

बायको बशीतल्या समोशाकडे पाहत होती, फार निरखून.

“पुस्तक नाही,” मी म्हटलं. “आमच्याकडे ते... ओरल ट्रॅडिशन आहे.”

बायकोला ठसका लागला. ग्रीकने मोठ्या आदराने मान डोलावली आणि तिला पाण्याचा ग्लास आणून दिला.

परतीच्या वाटेवर तोच जॅम, तेच लाल दिवे. पण मला वाटत होतं, अख्खा रस्ता आमच्यासाठी मोकळा करून ठेवलाय. मी शीळ घालत होतो. मुलगी दोन सीटांच्या मधे डोकं घालून उभी.

“बाबा, ईटिंग वॉज ट्रू. चेअर वॉज ट्रू. हत्ती पण ट्रू आहे?”

“नाही, हत्ती माझा.”

“आय न्यू इट,” ती म्हणाली. “म्हणून मी तो घेतलाच नाही.”

“बघ,” मी बायकोला म्हटलं, जरा मान ताठ करून, “उगाच घाबरत होतीस. इतकी वर्षं सांगितलेलं वाया नाही गेलं. त्या माणसाने भर सभेत ब्राव्हो म्हटलं मला.”

बायकोने सीट मागे केली, डोळे मिटले.

“इतकी वर्षं मन लावून थापा मारल्यात,” ती म्हणाली, “आणि त्याही अर्ध्या खऱ्या निघाल्या. अहो, तुम्हाला साधं खोटंसुद्धा धड बोलता येत नाही.”